ओळीचं उजवं टोक

लग्न होऊन टेंभुर्णीला आले त्याला बरीच वर्षं झाली होती, दोन्ही लेकरं शाळेत जायला लागली होती, तरी माझ्या सासऱ्यांचे डोळे कसे आहेत असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. काळे की घारे, बारीक की मोठे, काही म्हणजे काही नाही. सासऱ्याकडं मान वर करून बघायचं नाही, ही आमच्या घरची रीत. चहा द्यायचा तो कपाकडं बघत, काही विचारलं तर उत्तर द्यायचं ते उंबऱ्याकडं बघत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घ्यायचे. वर्गभर पोरांना नुसत्या नजरेनं गप्प बसवणारी बाई, घरात पाऊल टाकलं की जमिनीकडं बघत चालायची. मला माझंच हसू यायचं. कधी कधी रागही यायचा, पण करणार काय!

त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, म्हणून मीही इथं नानाच म्हणते. शेती त्यांनी कधीच लेकाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या हातात दिली होती. त्यांचं स्वतःचं काम एकच उरलं होतं, आणि ते त्यांनीच स्वतःला लावून घेतलेलं: रोजचा पेपर गावाला वाचून दाखवायचा. पेपर जालन्याहून दुपारच्या एसटीनं यायचा. आमच्या घरासमोर शिंप्याचं दुकान होतं. त्याच्या ओट्यावर नाना बसायचे, पेपर झटकून उघडायचे, आणि शिंपी मशीन थांबवायचा. रोजची ठरलेली माणसं जमायची. त्यातल्या निम्म्यांना वाचता येत होतं, तरी ऐकायला यायची. म्हणायची, नानांच्या तोंडून ऐकलं म्हंजी बातमी खरी वाटती.

शाळा सुटून मी घरी यायचे तेव्हा वाचन रंगात आलेलं असायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसायचं. नानांचे डोळे नाही, लांबून फक्त डोकं. पण एक गंमत मला तेव्हाही कळायची. वाक्य अजून तोंडात असायचं आणि नाना मान वर करून लोकांकडं बघायचे. पेपराकडं न बघता उरलेलं वाक्य बराबर पूर्ण करायचे, आणि वर स्वतःचं एक तिखट वाक्य जोडून द्यायचे. याचा अर्थ डोळे पुढं जाऊन शब्द गोळा करून आलेले असायचे, आवाज मागून येत असायचा. माझ्या वर्गातल्या पोरांचं नेमकं उलटं असतं. त्यांचा आवाज पुढं आणि डोळे भिंतीवरच्या पालीवर. धडा पाठ असतो ना! म्हणून मी पोरांना वाचायला लावलं की पुस्तकात बघत नाही, त्यांच्या डोळ्यांत बघते. वाचणारा डोळा ओळीवरून घसरत जात नाही, बेडकासारखा जातो. उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी. अवघड शब्दावर जास्त थांबतो. काही कळलं नाही तर गुपचूप मागं येतो आणि पुन्हा निघतो. हे मला डीएडला कुणी शिकवलं नव्हतं. पोरांचे डोळे बघून बघूनच कळलं.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना एक दिवस सकाळी नाना अंगणात तांब्या घेऊन उभे होते ते तसेच खाली बसले. तांब्या हातातून सुटला. जीप करून त्यांना जालन्याला नेलं. जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता, दवाखानेही वाढत होते, नाहीतर औरंगाबादच गाठावं लागलं असतं. तिथं काही दिवस ठेवलं आणि नाना चालत घरी आले. चालत, बरं का! हातपाय धड, बोलणं धड. आल्या-गेल्याला सासूबाई सांगायच्या, थोडक्यात निभावलं. देवाला नारळ फोडला, पाहुण्यांना चहा पाजून पाजून माझी कंबर मोडली.

पहिलं भांडण झालं ते ताटावरून. सासूबाईंनी नानांना आवडते म्हणून शेपूची भाजी केली होती. ताटात आपण वाढतो तसंच वाढलं, डावीकडं मीठ, चटणी, उजवीकडं भाजी. नानांनी भाकरी चटणीशी खाल्ली आणि म्हणाले, "आज भाजी केली न्हाई का?"

सासूबाईंना वाटलं टोमणा मारून राह्यले. "समोर वाढलीय ती काय हाय मंग? का आवडंना आता माझ्या हातचं?"

"कुठंय?"

"आगं बाई! बघा तरी!"

नानांनी मान वळवली, भाजी दिसली, आणि ते खाऊ लागले. सासूबाई दोन दिवस फुरंगटून होत्या. मग ते जाता-येता दाराच्या चौकटीला धडकायला लागले, नेहमी उजवा खांदा. आम्ही म्हटलं, अशक्तपणा आहे, होईल हळूहळू.

महिन्याभरानं नाना पुन्हा ओट्यावर बसले. शिंप्यानं कौतुकानं खाली नवं कापड अंथरलं होतं. मी मुद्दाम शाळेतून जल्दी आले. नानांनी पेपर उघडला आणि पहिल्या पानावरचा मोठा मथळा खणखणीत वाचला: एसटीचा संप उद्यापासून. झालं! एवढी मोठी बातमी म्हटल्यावर बाकीचं कुणी ऐकतंय होय! जो तो उठला. ज्यांना जालन्याला जायचं होतं त्यांनी ते रद्द केलं. एकाच्या लेकीची दुसऱ्या दिवशी जाफराबादला परीक्षा होती. त्यानं पहाटे पोरीला सायकलवर मागं बसवलं आणि निघाला पायडल हाणत. अर्ध्या वाटेत मागून हॉर्न वाजला. बघतो तर एसटी, आणि ती भरून चाललेली, खिडकीतून गावातलीच माणसं हात करून राह्यली!

मथळा पुढंही होता. "नाही" एवढा एकच शब्द उजवीकडं होता. संप उद्यापासून नाही. नानांना तो दिसलाच नव्हता, आणि जेवढं दिसलं तेवढ्याचा अर्थ नीट लागत होता, मग पुढं काही असेल असं त्यांना तरी का वाटावं? आपल्या बोलण्यात सगळा जीव शेवटाला असतो. शेवट गेला की माणूस बराबर उलटं समजून मोकळा होतो.

गाव हसलं. वाईट मनानं नाही, पण हसलं. सायकलवाला चारचौघांत म्हणाला, "नाना, तुमच्या पेपरानं माझ्या मांड्या भरून आल्या की वो." सगळे पोट धरून हसले, नानाही हसले. पण घरी आले ते पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून बसले. आतून मोठ्यानं वाचायचा आवाज यायचा. एखादा शब्द, मग थांबा, मग चुकल्यासारखा दुसरा शब्द, मग एकदम खालच्या ओळीतलं काहीतरी. पहिलीतलं पोर सुद्धा त्यांच्यापेक्षा बरं वाचलं असतं. मी परातीत पीठ घेऊन तशीच उभी राहिले. मला रडू आवरेना.

नवऱ्यानं निदान केलं, नंबर वाढला. त्याचं निदान नेहमी तयार असतं. नवीन चष्मा आणला. त्यानं काही होईना म्हणून दुसरा आणला, आणखी जाड भिंगाचा. चष्मेवाल्यानं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, नानांनी खालच्या बारीक ओळीपर्यंत एकेक अक्षर अचूक सांगितलं. चष्मेवाला म्हणाला, या वयात इतकी चांगली नजर मी पाहिली नाही. नवरा खुश. घरी आल्यावर नानांपुढं पेपर ठेवला, आणि पुन्हा तेच. नवरा चिडला, "अक्षर दिसतं, मंग वाक्य का न्हाई वाचता येत? ध्यान देत न्हाईत तुम्ही!" नानांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. त्यांना तरी काय माहीत होतं?

तेव्हा मी रीत मोडली. डाळ निवडायचं सूप घेतलं आणि त्यांच्या खाटेसमोर जमिनीवर बसले, मान वर करून. नानांचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. मधाच्या रंगाचे होते, आणि फार थकलेले. ते पेपर गुडघ्यावर ठेवून वाचत होते. डोळा ओळीच्या सुरुवातीला बसला. पुढची उडी मारायला पाहिजे होती, पण उडी कुठं मारायची हेच त्याला कळेना. अंधारात जिना उतरताना माणूस पाय टाकून टाकून बघतो ना, तसं त्याचं चाललं होतं. एक बारकं पाऊल, आणखी एक बारकं. शब्द अर्धा राहायचा. डोळा मागं यायचा, पुन्हा पुढं, मग ओळ संपली असं समजून खालच्या ओळीवर. ओळ संपलेली नसायचीच. मी वर्गात एवढी पोरं पाहिली, पण असा डोळा पाहिला नव्हता. यांना वाचता येत होतं, पुढचं दिसत नव्हतं.

सासूबाई दारातून ओरडल्या, "काय गं, सासऱ्याच्या तोंडाकडं टक लावून काय बघून राह्यलीस? लाज हाय का न्हाई?"

मी सूप उचललं आणि आत गेले. नवऱ्याला सांगितलं, अहो, त्यांना उजवीकडचं दिसत नाही, भाजी आठवा, चौकट आठवा. तो म्हणाला, "तू डॉक्टर हायेस का?" मी म्हटलं, "न्हाई, पण मला डोळे हायेत." शेवटी जालन्याच्या मोठ्या डॉक्टरकडं जायचं ठरलं ते मी हट्ट केला म्हणून, आणि मी बरोबर गेले तेही हट्टानंच.

डॉक्टरनं नानांना समोर बसवलं. माझ्या नाकाकडं बघा म्हणाला, आणि स्वतःची बोटं बाजूला हलवू लागला. डावीकडं हललेलं बोट नानांना लगेच कळायचं. उजवीकडं बोट हलत हलत पार नाकाजवळ आलं तरी कळेना. एक डोळा झाकून पाहिलं, दुसरा झाकून पाहिलं, तेच. डॉक्टर आमच्याकडं वळला. "डोळे ठणठणीत आहेत. दोष मागे, मेंदूत. दोन्ही डोळ्यांची उजवीकडची अर्धी बाजू गेली."

नाना म्हणाले, "मंग मी मान उजवीकडं वळवून बघतो की. त्यात काय?"

"चालताना बघा. वाचताना जमणार नाही. आपण एक शब्द बघतो तेव्हा डोळ्याला पुढचा शब्द अंधूक दिसत असतो. त्या अंदाजानंच तो पुढं जातो. तुमचा तो अंदाज गेला."

"चष्मा?"

"नाही."

"गोळी, औषध, ऑपरेशन काही?"

डॉक्टरनं मान हलवली. बाहेर पेशंटची रांग होती. नाना उठले, नमस्कार केला, आणि बाहेर पडताना दाराच्या उजव्या कडेला धडकले. नवऱ्यानं त्यांचा दंड धरला. माझा नवरा तोंडाचा फटकळ, पण त्या दिवशी रस्ताभर त्यानं तो दंड सोडला नाही. आधी वाटायचं कळलं की काहीतरी करता येईल. आता कळलं होतं आणि करता येण्यासारखं काहीच नव्हतं.

एसटीला वेळ होता म्हणून स्टँडजवळच्या एका हॉटेलात चहाला बसलो. हॉटेल एका मुसलमान माणसाचं. टेबलावर त्याचा उर्दू पेपर पडलेला. नाना चहा गार होईपर्यंत त्याच्याकडं बघत होते. मग त्यांनी तो ओढून घेतला.

इथं एक सांगायला पाहिजे. नाना शाळेत गेले ते निजामाच्या राज्यात. तेव्हा इकडं शाळेचं सगळं उर्दूतून. घरात मराठी, पाटीवर उर्दू. राज्य गेलं, कारभार मराठीत आला, तेव्हा नाना वीस वर्षांचे घोडे झालेले. ते मग दुकानांच्या पाट्या आणि पेपर वाचून वाचून आपले आपणच मराठी वाचायला शिकले, आणि उर्दू मागं पडली. आमच्या घरात उर्दूचा कागद मी कधी पाहिला नव्हता.

मी समोरच्या बाकड्यावर होते. नानांचे डोळे पानाच्या उजव्या टोकाला गेले आणि तिथून डावीकडं निघाले. उडी, थांबा, उडी, थांबा. खालची ओळ. एका जागी थांबले, थोडे मागं गेले, पुन्हा पुढं. सरसर, काही अडखळणं नाही! मला वाटलं मला भास होतोय. उर्दू उजवीकडून डावीकडं जाते. त्यांना पुढचं डावीकडं लागत होतं, आणि डावीकडचं तर सगळं शाबूत होतं. नानांच्या ओठांची कड हलली. हसण्यासारखं काहीतरी त्या ओळीत होतं, आणि हसू आलं ते ओळ संपायच्या आधी. मी भर हॉटेलात ओरडले, "नाना, तुम्ही वाचून राह्यले!"

"हाव ना," नाना म्हणाले, त्यांचाही विश्वास बसत नव्हता. "बिलकुल बराबर दिसून राह्यलं."

हॉटेलवाला काय झालं म्हणून गल्ल्यावरून उठून आला. आम्ही तिघंही रडत होतो आणि हसत होतो. त्यानं तो पेपर नानांना तसाच देऊन टाकला, वर दुसरा चहा पाजला.

मला वाटलं आता सगळं पहिल्यासारखं होणार. एसटीच्या कंडक्टरला सांगून उर्दू पेपर मागवायला सुरुवात केली, दोन दिवस शिळा यायचा, पण यायचा. नाना पुन्हा ओट्यावर. मनातल्या मनात वाचायचे आणि लोकांना मराठीत सांगायचे. पहिले काही दिवस गर्दी झाली ती गंमत बघायला. "नानांनी पेपर उलटा धरला बरं का!" पण त्या पेपरात बातम्या हैदराबादच्या, दिल्लीच्या, कुठल्या कुठल्या देशांच्या. लोकांना पाहिजे कापसाचा भाव, जाफराबादची पंचायत, कुणाची बदली झाली, कुणाचा बैल जप्त झाला. ते यात कुठून येणार? शिवाय पेपर शिळा. एकजण उठून गेला, मग दुसरा. शिंप्याच्या शेजारी टीव्ही आला, तिकडं बातम्या फुकटात आणि चित्रांसकट. काही दिवस शिंपी एकटाच ऐकत होता, तोही मशीन चालू ठेवून. एक दिवस नाना ओट्यावरून उठले आणि घरी आले. मला म्हणाले, "आता कोणाला सांगू?"

मी म्हटलं, "मला सांगा."

असं सासऱ्याला म्हणायची आमच्याकडं पद्धत नव्हती. पण सासूबाईही काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून शाळेतून आले की मी खाटेसमोर बसायचे, हाताला काहीतरी काम घेऊन, आणि नाना मला जगाच्या बातम्या सांगायचे. मला त्यातलं निम्मं कळायचं. खरं सांगते, मला बातम्यांशी देणंघेणं नव्हतंच. मला त्यांचे डोळे बघायला आवडायचं. डोळा थबकला की मी ओळखायचे, आता काहीतरी अजब येणार. मागं गेला की ओळखायचे, नानांना हे पटलेलं नाही. आणि मग ते मान वर करायचे आणि "ऐक पोरी" म्हणून सुरू करायचे. इतक्या वर्षांत त्यांनी मला पोरी म्हटलं नव्हतं. फार गोड दिवस होते ते.

ते मला उर्दू शिकवायलाही लागले. लेकरांच्या पाटीवर अक्षरं काढून द्यायचे. शिकवणारी मी, आणि मलाच घाम फुटायचा. माझा डोळा आपला सवयीनं डावीकडं जाऊन बसायचा, नाना बोटानं टिचकी मारायचे, "इकडून बाई, इकडून!" सुटी अक्षरं मला ओळखू यायला लागली. जोडून लिहिली की सगळा गुंता. नाना म्हणायचे, "येईल. डोळ्याला सवय लागू दे. घाई न्हाई."

शब्दांपर्यंत आम्ही पोचलोच नाही. दुसरा झटका आला तो झोपेत. सकाळी उठवायला गेले तर तोंड वाकडं, उजवा हात आणि पाय पडलेले. जीभ जड झाली. नाना बोलायला जायचे आणि तोंडातून नुसता आवाज निघायचा, आडव्या पडलेल्या जनावरासारखा. पण कळत सगळं होतं. सासूबाई काही विचारायच्या, ते पापणीनं हो म्हणायचे. शेतातली चूक नवऱ्यानं सांगितली की भुवई वर जायची. जालन्याला पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. डॉक्टर म्हणाला, घरी सेवा करा. सेवा करा! दुसरं काय करतात घरची माणसं? पाणी चमच्यानं, पेज चमच्यानं, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. माणूस आत जागाच्या जागी होता आणि आम्हाला त्याच्यापर्यंत जाता येत नव्हतं.

पेपर मात्र मी बंद केला नाही. पाठीला उशा लावून त्यांना टेकवून बसवायचे, पेपराची घडी डाव्या हातात द्यायचे. तो एकच हात चालत होता. पान संपलं की नाना माझ्याकडं बघायचे, मी उठून पान उलटून द्यायचे आणि पुन्हा समोर जाऊन बसायचे. बोलणं गेलं होतं, तरी वाचताना त्यांचे डोळे पहिल्यासारखेच चालायचे. मी त्यावरच दिवस काढत होते.

त्या दुपारी मी समोर बसून वर्गासाठी अक्षरांचे पुठ्ठे कापत होते. नानांचे डोळे चांगले चालले होते. मग एका ठिकाणी थांबले. थोडे मागं आले. पुन्हा तिथंच गेले. पुन्हा मागं, त्या आधीच्या ओळीपर्यंत, आणि पुन्हा तिथंच. मी कात्री खाली ठेवली. इतक्या वेळा ते कधी मागं येत नसत. त्यांचे डोळे भरले. पण तोंडाची जी बाजू अजून हलत होती ती हसत होती. दुःखाचं होतं का आनंदाचं, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं, "ऐक पोरी" म्हणायच्या आधी बघायचे तसंच. तोंडातून आवाज निघाला. पुन्हा एकदा. घामानं कपाळ भिजलं, पण शब्द होईना. बोटानं दाखवायचं तर बोटं पेपर धरण्यात गुंतलेली. हात सोडला तर पेपर पडणार.

"थांबा नाना, मी येते, मी बघते," असं म्हणत मी उठून त्यांच्या बाजूला जाईपर्यंत हात थकला आणि पेपर छातीवर कोसळला. मी तो उचलला, नीट करून त्यांच्यासमोर धरला. "कुठं नाना? कुठली ओळ? दाखवा." त्यांनी डावा हात उचलायचा प्रयत्न केला, तो चादरीवरच राहिला. डोळे पानावर फिरले, ती जागा हुडकत होते, पण दमले होते. मी एकेका बातमीवर बोट ठेवत गेले. हे का? हे का? त्यांनी थकून डोळे मिटून घेतले. मी हलवून विचारलं नाही. म्हटलं उद्या विचारू. उद्यापासून त्यांना बसताच आलं नाही, आणि त्याच आठवड्यात नाना गेले.

दिवसपाणी झाल्यावर मी तो पेपर घेऊन मशिदीत पोरांना उर्दू शिकवणाऱ्या मौलवीसाहेबांकडं गेले. घरात कुणाला सांगितलं नाही. मौलवीसाहेब नानांना ओळखत होते. त्यांनी चटई टाकली, पाणी दिलं, आणि विचारलं, "पेपर तर मोठा आहे बाई, कोणतं पान?" मी एक पान काढून दाखवलं आणि त्या दुपारी काय झालं ते सांगितलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, वरपासून खालपर्यंत, एकेक बातमी मला समजेल अशी मराठीत सांगत. कुठल्याशा गावात नदीवर पूल झाला होता. कुणी म्हातारे मास्तर वारले होते आणि त्यांचे जुने विद्यार्थी जमले होते. दोन भावांचं तुटलेलं बोलणं बऱ्याच वर्षांनी सुरू झालं होतं. एका माणसानं म्हैस हरवल्याची जाहिरात दिली होती. कोपऱ्यात चार ओळींचा एक चुटका होता. प्रत्येकाला मला वाटायचं, हेच असेल, आणि पुढचं ऐकलं की वाटायचं, नाही, हे असेल. मी एकदा तर म्हशीच्या जाहिरातीलाही रडले.

वाचून झाल्यावर मौलवीसाहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "यातलं नेमकं कुठं थांबले होते ते? तुम्ही तर समोरच होता ना, बाई?"

समोरच होते. त्यांचे डोळे कसे थांबले, किती मागं आले, कधी भरले, हे सगळं मी मौलवीसाहेबांना तिथं बसून हुबेहूब करून दाखवलं असतं. पण नाना वाचत होते ती बाजू त्यांच्याकडं होती. मी पान उलटलं आणि माझ्या बाजूला होतं ते मौलवीसाहेबांना दाखवलं. साबणाची जाहिरात होती, हसणाऱ्या बाईचं मोठं चित्र.

"मला हे दिसत होतं," मी म्हटलं.